आयत्या पोटावर जंतोबा

रविवारी बाजारातून मासा आलाय. खवले काढून झाले, पोट उघडलं, आतडी बाहेर ओढली आणि... ई! त्या आतड्यातून पांढरी, चपटी, शेवईसारखी एक फीत वळवळत बाहेर आली. मग घरात तीन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, "त्या मासेवाल्या मावशीनं सडका मासा दिला, जा परत देऊन या!" दुसरा म्हणतो, "फेकून द्या आणि पिठलं टाका." तिसरा पक्ष बहुधा आजीचा असतो. ती म्हणते, "अरे, नदीचा मासा आहे, असायचंच! आतडी काढून टाक, चांगला धू आणि कालवणाचं बघ."

दोस्तांनो, आजीचं बरोबर आहे. बिचाऱ्या मावशीची मात्र चूक नाही. मासा नासला की त्यावर माशा बसतात, अंडी घालतात, मग अळ्या पडतात. ती गोष्ट वेगळी. आतड्यातला हा प्राणी मासा जिवंत असल्यापासून तिथं राहत होता. तो अजून वळवळतोय, म्हणजे त्याचं घर नुकतंच बंद पडलंय! मासा ताजा असल्याची ती खूणच समजा. पण गिऱ्हाईक ऐकतंय थोडंच? मासा परत येतो, मावशीचे पैसे बुडतात आणि ज्यानं हे सगळं केलं तो कोण, कुठला, आत आला कसा, हे कुणी विचारतच नाही. आपण विचारू या.

सातारा आणि सांगली हा कृष्णेचा मुलूख. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा धोम, वाई करत कराडला येते. तिथं प्रीतिसंगमावर कोयना तिला समोरासमोर भेटते. पुढे ब्रह्मनाळला येरळा मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. कोयनेचा शिवसागर, धोम, कण्हेर, चांदोलीचा वसंतसागर अशी मोठी धरणं, शिवाय गावोगावचे तलाव. एवढ्या पाण्यात मासे पुष्कळ. रोहू, कटला, मृगळ हे मत्स्यबीज सोडून वाढवलेले. चिलापी ही आफ्रिकेतून आलेली पाहुणी, आता घरमालकीण होऊन बसलेली. आणि मूळचे रहिवासी म्हणजे वाम, मरळ, मागूर, शिवडा.

यातली वाम आपल्या गोष्टीतली पहिली. गोड्या पाण्यातली वाम लांबट, सापासारखी, तोंड टोकदार, पाठीवर सुट्या काट्यांची रांग. दिवसा ती दगडांच्या कपारीत नाहीतर चिखलात दडते आणि रात्री किडे, अळ्या, छोटे मासे खात हिंडते. तिचं आतडं उघडलं की जी पांढरी फीत दिसते ती पुष्कळदा 'सेंगा' नावाच्या पट्टकृमीची असते.

सेंगाला तोंड नाही. पोट नाही. आतडं नाही! ज्याला आयतं जेवण मिळतं त्याला तोंड हवंच कशाला? माशानं पचवलेलं अन्न चहूबाजूंनी वाहत असतं, ते हा पठ्ठ्या अंगाच्या कातडीतूनच शोषून घेतो. डोकं मात्र त्याला लागतं, आणि तेही विचार करायला नव्हे, तर लोंबकळायला. डोक्याच्या टोकावर आकड्यांचा मुकुट असतो. बऱ्याच जातींत हे आकडे चाळीस-पन्नासच्या घरात भरतात. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक खाच, चिमटा घ्यायला. असं डोकं आतड्यात रुतवलं की अन्नाच्या लोंढ्यात वाहून जायची भीती नाही. डोक्यामागे मान आणि मानेमागे एकामागून एक डबे जोडलेली आगगाडी. प्रत्येक डब्यात नर आणि मादी दोघांचेही अवयव. शेवटचे डबे अंड्यांनी भरलेले. म्हणजे ही आगगाडी धावत नाही, नुसती अंडी घालते.

'सेंगा' या नावाचा जन्म मात्र कृष्णाकाठचा नाही, तो फ्रान्सचा. १९३४ साली डॉल्फस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं पॅरिसजवळ व्हॅन्सेन इथं एका माशात हा कृमी पाहिला. मासा होता सयामचा लढाऊ मासा, तोच तो रंगीत झालरींचा, आजही काचेच्या बरणीत पाळतात तो. म्हणजे माशाबरोबर जंतही परदेशवारी करून आला असणार. पुढे आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) मराठवाडा विद्यापीठात डॉ. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माशांच्या कृमींचा मोठाच अभ्यास मांडला. त्यांनी ठेवलेली नावं बघा. सेंगा गोदावरी, सेंगा पैठणेन्सिस, सेंगा औरंगाबादेन्सिस! लॅटिनच्या पुस्तकात आपलं पैठण जाऊन बसलं, तेही वामेच्या पोटातून. त्याच धर्तीवर सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या मंडळींनीही कृष्णा-कोयनेच्या माशांची आतडी तपासली आहेत.

आता मुख्य कोडं. सेंगाला पाय नाहीत, पंख नाहीत, माशाच्या पोटाबाहेर तो तग धरत नाही. मग एका वामेतून दुसऱ्या वामेत जातो कसा?

त्याची वाट एका टाचणीच्या डोक्याएवढ्या प्राण्यातून जाते. तळ्याचं, डबक्याचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरा. पांढरे ठिपके झटके देत पोहताना दिसतील. त्यातला एक सायक्लॉप्स. ग्रीक कथांत कपाळावर एकच डोळा असलेला राक्षस होता, त्याचं हे नाव. यालाही एकच डोळा, पण अंगकाठी जेमतेम एक-दोन मिलिमीटर!

सेंगाच्या भाऊबंदांची जी चक्रं शास्त्रज्ञांनी नीट तपासली आहेत ती अशी चालतात. अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. अंड्यातून केसाळ चेंडूसारखं पिल्लू निघतं आणि गिरक्या घेत पोहू लागतं. सायक्लॉप्सला वाटतं खाऊ आला, तो त्याला गिळतो. पिल्लू पचत नाही. ते सायक्लॉप्सच्या पोटाची भिंत भेदून शरीरात जाऊन बसतं आणि वाट बघतं. कशाची? सायक्लॉप्सला कुणीतरी खाण्याची. तो सायक्लॉप्स छोट्या माशानं गिळला की पिल्लाचं काम झालं. तो छोटा मासा मोठ्यानं खाल्ला तर आणखी छान.

थोडक्यात, जंत माशाला शोधत जात नाही. मासाच जेवायला बसतो आणि जंत ताटातून येतो. म्हणून माशाच्या पोटात कुठला जंत आहे हे पाहिलं, की तो मासा काय खातो हे कळतं! मागूर बघा. हा मिशीवाला मासा तळाच्या चिखलात उकरत बसतो आणि चिखलातले बारीक गांडूळवर्गी किडे खातो. त्याच्या आतड्यात सापडतो लायटोसेस्टस. हा पट्टकृमी खरा, पण त्याची आगगाडी नाही, एकच डबा आहे. याच्या गणातल्या कृमींची पिल्लं सायक्लॉप्समध्ये वाढत नाहीत, ती त्या चिखलातल्या किड्यांत वाढतात. मरळीचं आणखी निराळं. तिच्यात काटेरी डोक्याचा कृमी असतो. त्याची सोंड मागेपुढे होते आणि सोंडेवर काटे असतात. यातल्या एका जातीचं नाव आहे पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस. १९३१ साली जी. डी. भालेराव या आपल्याच मराठी शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. हे भालेराव म्हणजे भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींवर १९३५ साली जाडजूड ग्रंथ लिहिणारे. गाईम्हशींच्या जंतांतून वेळ काढून ते मरळीकडेही वळले, हे मला फार आवडतं.

मोठ्या जबड्याच्या, बिनखवल्याच्या शिवड्याची तर कमालच. त्याचा भाडेकरू आतड्यात राहतच नाही. माशाला पाण्यात वर-खाली व्हायला हवेची एक पिशवी असते, त्या पिशवीत तो राहतो. पानासारखा चपटा, बोटाच्या पेराहून मोठा, आयसोपॅरॉर्किस नावाचा पर्णकृमी. त्याची पिल्लं कधीकधी माशांच्या मांसातून भटकतात आणि तिथं शाई सांडल्यासारखे काळे डाग पडतात. असा मासा चिरला की गिऱ्हाईक पुन्हा मावशीवरच डाफरतं!

काही जंतांना मासा हे शेवटचं घर वाटतच नाही, ती नुसती धर्मशाळा. त्यांना पोचायचं असतं बगळ्याच्या घशात. क्लायनोस्टोमम हा त्यातला एक. गोगलगाईतून तो पाण्यात येतो, माशाच्या कातडीतून आत शिरतो आणि मांसात, कल्ल्यांजवळ पिवळ्या दाण्यासारखा गुंडाळून बसतो. बगळ्यानं मासा गिळला की हा त्याच्या घशात, अन्ननलिकेत मोठा होतो आणि अंडी पुन्हा पाण्यात. खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावासारख्या ठिकाणी उथळ पाण्यात ध्यान लावून उभा असलेला बगळा दिसला, की लक्षात घ्या, गोगलगाय, मासा आणि बगळा हे तिघंही कुणाच्या तरी प्रवासातली स्टेशनं असू शकतात.

यातली सर्वांत चक्रावणारी गोष्ट अमेरिकेत कळली. कॅलिफोर्नियाच्या खाडीत एक बोटभर लांबीचा मासा असतो. त्याच्या मेंदूवर एका पर्णकृमीची पिल्लं बसतात. असा मासा पाण्याच्या वरच्या थराला येऊन थरथरतो, कुशीवर वळून चमकतो. १९९६ साली लॅफर्टी आणि मॉरिस या दोघांनी मोजलं, तर असे मासे पक्ष्यांच्या तोंडी लागण्याचं प्रमाण निरोगी माशांच्या दहा ते तीस पट निघालं. जंतानं माशाला जणू हात वर करून "मी इथं आहे" म्हणायला लावलं!

मग जंतांमुळे मासे मरतात का? चांगला वाढलेला मासा सहसा मरत नाही. जंताचं त्यात नुकसानच आहे, घर पडलं की भाडेकरू उघड्यावर. मासा बारीक राहतो, वाढ मंदावते, जिथं आकडे रुततात तिथं आतड्याला जखमा होतात. खरा फटका बसतो तो लहान पिल्लांना, बोटुकलीला. गवत्या माशाबरोबर पूर्व आशियातून जगभर पसरलेला एक पट्टकृमी आहे, तो इवल्या माशाचं आतडंच बुजवून टाकतो. मत्स्यबीजाच्या टाकीत हजारो पिल्लं दाटीनं असतात, पाण्यात सायक्लॉप्स भरपूर. तिथं असा जंत शिरला तर तळं घेतलेल्या माणसाचं वर्षाचं गणित बिघडतं. म्हणूनच बीज सोडण्याआधी तळं आटवून तळ कडक उन्हात तापवतात, चुना मारतात.

पण नदीवर एका रात्रीत मेलेल्या माशांचा खच पडला, तर त्याचा आळ जंतांवर घेऊ नका. २०२३च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकलीच्या बाजूला कृष्णेत असंच झालं होतं. दूषित पाणी नदीत आलं की त्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे वर येऊन तोंड वासतात आणि गुदमरून मरतात. जंतही त्यांच्याबरोबर मरतात. सेंगाला हजारो वर्षांत जे जमलं नाही आणि जमायला नकोही होतं, ते माणसानं एका रात्रीत केलं.

बरं, आपलं काय? कालवणाच्या वाटीकडे संशयानं बघणाऱ्यांनी आता ऐका. सेंगा आणि लायटोसेस्टस हे माशांचे जंत, आपल्या पोटात त्यांचं बस्तान बसत नाही. ते आतड्यात असतात, आतडी तर आपण काढूनच टाकतो. मांसात एखादं पिवळं दाणं राहिलंच, तर शिजल्यावर मरतं. माशाच्या तुकडीच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस तापमान गेलं की काम फत्ते. आपला रस्सा तर रटारटा उकळतो. धोका आहे तो कच्च्या माशात. फिनलंड, रशिया, जपान इकडे कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खाणाऱ्यांच्या पोटात एक पट्टकृमी वाढतो, कधीकधी दहा मीटरपर्यंत! थायलंडच्या ईशान्य भागात कच्च्या नदीच्या माशाची चटकदार कोशिंबीर करतात. तिच्यातून जाणारा पर्णकृमी पित्तनलिकेत ठाण मांडतो आणि पुढे तिथं कर्करोगही होतो. म्हणून तव्यावरची तुकडी बाहेरून लाल आणि आतून कच्ची असेल, तर भूक कितीही लागली असली तरी ती परत तव्यावर टाका.

सायक्लॉप्सनं मात्र आपल्याला एकदा चांगलंच छळलं होतं. आजीला 'नारू' विचारा. अंगावर शहारा येईल तिच्या. पायाला फोड यायचा, तो फुटला की त्यातून सुतळीसारखा जंत डोकावायचा, हातभर किंवा त्याहूनही लांब. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजलाच. असा माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की नारूची पिल्लं पाण्यात सुटायची. ती सायक्लॉप्स गिळायचा आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर आपण! १९८४ साली देशभरात सुमारे ४० हजार रुग्ण होते, महाराष्ट्रातही होते. या रोगावर ना लस होती, ना जंत मारणारं औषध. पण साखळीतली एक कडी तोडली की पुरे होतं. पाणी दुहेरी फडक्यानं गाळा, विहिरीत पाय घालू नका, पायऱ्या बंद करून हातपंप बसवा. १९९६च्या जुलैमध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

याला माशांचंही एक शेपूट आहे. आफ्रिकेतल्या चाड देशात नारू जवळजवळ संपला होता, तर २०१२पासून तो कुत्र्यांत सापडायला लागला. शास्त्रज्ञांचा कयास असा की कोळी नदीकाठी मासे साफ करतात, आतडी तिथंच टाकतात, कुत्री ती खातात, आणि त्या आतड्यांतून नारूची पिल्लं त्यांच्या पोटात जातात. तिथल्या गावकऱ्यांना सांगितलं गेलं की माशांची आतडी खड्डा करून पुरा. आपल्या घाटांवरही मासे साफ करून आतडी पाण्यात ढकलण्याची रीत आहे. इथं नारू नाही, पण अंड्यांनी भरलेले सेंगाचे डबे आपण त्याच पाण्यात परत सोडतो, बोटुकलीच्या अगदी दारात.

तुम्हाला हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना गळ घाला. मावशीकडे आतडी फुकट मिळतात. हातात मोजे घालायचे, नंतर साबणानं हात धुवायचे. ताटलीत चिमूटभर मीठ घातलेलं पाणी घ्यायचं, त्यात आतडं उभं चिरून ठेवायचं. वहीत तारीख, गाव, माशाचं नाव, लांबी लिहायची. समजा, वर्षभरात ४० वामी तपासल्या आणि १४ मध्ये जंत सापडले, तर प्रमाण झालं शेकडा ३५. मग महिने वेगळे काढा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच अभ्यासांत उन्हाळ्यात हे प्रमाण जास्त आणि पावसाळ्यात कमी आढळलं आहे. तुमच्या गावच्या बंधाऱ्यावर काय निघतं बघा.

एक गोष्ट सांभाळायची. मागूर माशातल्या लायटोसेस्टसच्या गणातल्या कृमींना आशियात, मुख्यतः भारतात, पन्नासहून जास्त जातींची नावं दिली गेली होती. २०११ साली तज्ज्ञांनी ती पुन्हा तपासली, तर खऱ्या जाती जेमतेम आठ उरल्या. पुष्कळ नमुने सडलेले होते किंवा काचेखाली दाबून चपटे केलेले होते, आणि एकाच जंताचं रूप दर वेळी वेगळं दिसलं होतं. म्हणून आतड्याला चिकटलेला जंत दिसला की चिमटा लावू नका. जोरानं ओढलं की धड हातात येतं आणि आकड्यांचा मुकुट आतच राहतो, मग तो सेंगा होता की दुसरा कुणी, हे सांगता येत नाही. मिठाच्या पाण्यात त्याला तसाच राहू द्या, मऊ कुंचल्यानं हळूहळू टोचत राहा आणि त्यानं आपण होऊन पकड सोडेपर्यंत थांबा.